गरज कुठे संपते आणि सोय कुठे सुरू होते

शिरोळ तालुक्यातला एक मुलगा कोल्हापुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोरला भाऊ पायदळात जवान. त्याने मला विचारलं: “सर, शत्रूने वस्तीत, घरांच्या मधोमध तोफ लावली तर लष्करी गरज म्हणून ती घरं उडवता येतात ना? मग नागरिकांचं संरक्षण हे कागदावरचंच राहतं की नाही? शत्रू नियम पाळत नसेल तर आपणच का पाळायचे? आणि उद्या माझ्या भावाला तसा हुकूम आला तर त्याने काय करायचं?”

मी बावीस वर्षं तोफखान्यात काढली. निवृत्तीनंतर कायदा शिकलो आणि आता हाच विषय शिकवतो. तुझ्याएवढा असताना मलाही असंच वाटायचं, की तराजूच्या एका पारड्यात कायदा असतो, दुसऱ्यात लष्करी गरज असते आणि लढाई तापली की दुसरं पारडं खाली जातं. समज अगदी स्वाभाविक आहे, पण चुकीचा आहे. तो मनात घेऊन युनिटमध्ये गेलेल्या माणसाच्या हातून काहीही होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लष्करी गरज ही कल्पना कायद्यातच जन्मली, आणि जन्मली ती लगाम म्हणून. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकनच्या सरकारने आपल्या फौजेसाठी एक नियमावली काढली. ती फ्रान्सिस लिबर या प्राध्यापकाने तयार केली होती, म्हणून तिला लिबर संहिता म्हणतात. तिच्या चौदाव्या कलमात लष्करी गरजेची व्याख्या आहे. युद्धाचा हेतू साधण्यासाठी जे उपाय टाळताच येत नाहीत, आणि जे युद्धाच्या कायद्यात व रिवाजात बसतात, ते उपाय म्हणजे लष्करी गरज. यातल्या ‘आणि’ या शब्दाखाली मी वर्गात दोन रेघा मारतो. उपाय अटळ असून भागत नाही, तो कायदेशीरही असावा लागतो. पुढे सोळाव्या कलमात लिहून ठेवलंय की क्रौर्य, सूड, छळ करून कबुलीजबाब काढणं आणि विषप्रयोग हे लष्करी गरजेत कधीच येत नाहीत. पाच वर्षांनी, १८६८ मध्ये, सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्यात ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली आणि तिथे कारणही दिलं गेलं: युद्धात राष्ट्रांनी साधावा असा रास्त हेतू एकच, शत्रूचं लष्करी बळ कमी करणं. गावं, दवाखाने, म्हातारी माणसं यांचा त्या हेतूशी संबंध येत नाही.

तुझ्या डोक्यात आहे तसा विचारही तेव्हा होता. एकोणिसाव्या शतकातल्या काही जर्मन विचारवंतांचं म्हणणं असं, की युद्धाची निकड युद्धाच्या रीतीभातीपेक्षा वरचढ असते. राष्ट्र संकटात असेल तर नियम बाजूला. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेम्बर्गला जर्मन सेनानींवर खटले चालले तेव्हा बचावात हाच मुद्दा आला आणि न्यायालयांनी तो साफ फेटाळला. बाल्कन देशांत ओलीस धरून माणसं मारल्याबद्दल फील्डमार्शल लिस्ट आणि इतरांवर जो खटला झाला, त्याचा निकाल १९४८ चा. त्यात न्यायाधीशांनी सांगितलं, की नियम पाळल्यामुळे एखादी लढाई हरली, अगदी युद्ध हरलं, तरी नियम पाळलेच पाहिजेत.

त्याच खटल्यात लोथार रेंडुलिक नावाचा एक सेनापती होता. त्याची हकीकत नीट समजून घे, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. १९४४ च्या शरद ऋतूत जर्मन फौजा उत्तर नॉर्वेतल्या फिनमार्कमधून माघार घेत होत्या. मागून रशियन सैन्य येणार, या भीतीने रेंडुलिकने घरं, पूल, धक्के, सगळं जाळायला लावलं आणि लोकांना तिथून हलवलं. रशियन काही त्या वेगाने मागे आले नाहीत. म्हणजे नंतर पाहिलं तर ती जाळपोळ व्यर्थ होती. तरी न्यायालयाने या एका आरोपातून त्याला सोडलं. त्या वेळी त्याच्यासमोर जी माहिती होती, तिच्यावरून प्रामाणिकपणे त्याला तशी गरज वाटली असेल, तर निर्णय चुकला तरी तो गुन्हा नाही, असं न्यायालय म्हणालं. इतर आरोपांत मात्र त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. निरपराध माणसं सूडापोटी मारण्याला गरजेचं नाव देता येणार नाही, हेही तिथेच ठरलं.

एकाच माणसाची एका आरोपातून सुटका आणि दुसऱ्यात शिक्षा का? कारण दोन्ही नियमांची भाषा वेगळी आहे. १९०७ च्या हेग नियमांत शत्रूची मालमत्ता नष्ट करायला मनाई आहे, पण पुढे जोडलंय: युद्धाच्या निकडीने अगदी भागच पडलं तर गोष्ट वेगळी. मालमत्तेच्या नियमात गरजेसाठी एक खिडकी ठेवलेली आहे. नागरिकांना लक्ष्य करू नका, ओलीस धरू नका, शरण आलेल्याला मारू नका, या नियमांना खिडकीच नाही. नियम लिहिणाऱ्यांनी गरजेचा विचार आधीच करून, सगळं जमेला धरून हे नियम आखले, त्यामुळे तीच गरज पुन्हा पुढे करता येत नाही. तुला एखाद्या प्रकरणात ‘लष्करी गरज’ असं ऐकू आलं, की आधी मूळ नियम काढून बघ. त्याच्या शब्दांत गरजेचा उल्लेख असेल तर पुढचा युक्तिवाद ऐक, नसेल तर तो तिथेच थांबव. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात, म्हणजे नागरिकांसाठीच्या करारात, लोकांना तात्पुरतं हलवण्याला अशी खिडकी आहे. सांस्कृतिक वारशाबद्दलच्या १९५४ च्या हेग करारातही आहे आणि भारत त्यात सामील आहे. आपल्या अंबाबाईच्या देवळासारख्या वास्तूला संरक्षण आहे, पण अगदीच निरुपाय झाला तर अपवाद मानलेला आहे. भाविकांना मात्र अपवाद नाही.

आता खिडकी असली तरी तिच्यातून काय काय आत येतं ते बघ.

महावीर उद्यानातला पोलंडच्या निर्वासितांचा स्मृतिस्तंभ तू पाहिला असशील. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जवळपास पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. पोलंडच्या पूर्व भागातून रशियाने त्यांना सैबेरियाकडे हाकललं होतं. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे फिरत फिरत आपल्या दारात आली. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे नवरे, भाऊ, वडील पोलिश सैन्यात इटलीत लढत होते. इटलीत मोंते कासिनो नावाच्या डोंगरावर एक प्राचीन मठ होता आणि डोंगराभोवती जर्मनांची बळकट फळी होती. त्या डोंगरावर चढाईची पाळी चौथ्या हिंदी डिव्हिजनवर आली. मठात जर्मन बसलेत, तिथून ते आपल्यावर नजर ठेवतात, म्हणून आधी मठ पाडा, हा आग्रह डिव्हिजनच्याच नेतृत्वाकडून वर गेला. १५ फेब्रुवारी १९४४ ला शेकडो विमानांनी मठ जमीनदोस्त केला. मठात जर्मन सैन्य नव्हतं. आसऱ्याला आलेली इटालियन माणसं होती आणि त्यांतली पुष्कळ मेली. नंतर जर्मन छत्रीधारी सैनिक त्या ढिगाऱ्यात शिरून बसले, आणि पडक्या भिंतींचा आडोसा त्यांना उभ्या मठापेक्षा जास्त उपयोगी पडला. अखेर १८ मे रोजी त्या अवशेषांवर झेंडा लागला तो पोलिश तुकडीचा. वळिवड्याच्या बराकींत ती बातमी कशी पोचली असेल, कुणाकुणाच्या घरी तारेची वाट पाहिली गेली असेल, याचा विचार मी त्या स्तंभापाशी गेलो की दर वेळी करतो.

या बॉम्बफेकीच्या दीड महिना आधी, २९ डिसेंबर १९४३ ला, जनरल आयझेनहॉवरने इटलीतल्या सगळ्या कमांडरांना एक पत्र काढलं होतं. ऐतिहासिक वास्तू आणि आपली माणसं यांत निवड करायची वेळ आली तर माणसं आधी, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. पण लगेच पुढे त्याने बजावलंय, की निवड नेहमी इतकी सोपी नसते, आणि ‘लष्करी गरज’ हे शब्द कधीकधी अशा जागी वापरले जातात जिथे लष्करी सोय, किंवा नुसती वैयक्तिक सोय, म्हणणं जास्त खरं ठरेल. त्याच आघाडीवर दीड महिन्यात मठ पडला. कासिनोच्या निर्णयाबद्दल लोक आजही भांडतात. उतारावर रोज माणसं गमावणाऱ्या तुकडीला वरच्या त्या खिडक्यांतून कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटणं मी समजू शकतो, मी तशा उतारावर बसलेलो आहे. पण वाटणं आणि बघून खात्री करणं यांत जेवढं अंतर आहे, तेवढ्यातच हा सगळा कायदा मावतो.

देवळालीच्या फायरिंग रेंजवर हे मला पहिल्यांदा कळलं. मी नवा अधिकारी होतो, ओपीवर बसलेलो. ओपी म्हणजे निरीक्षण चौकी. तोफा कित्येक किलोमीटर मागे असतात, गोळा कुठे पडणार ते त्यांना दिसत नाही, दिसतं ते ओपीवाल्याला. गोळे पडायच्या जागेत मला पांढरेकाळे ठिपके दिसले. दगड असतील म्हणून मी पुढच्या फायरची तयारी सांगितली. मग एक ठिपका हलला. दुर्बीण लावली तर मेंढरं. त्यांच्यामागे काठीवर हनुवटी टेकून उभा असलेला धनगर. मी रेडिओवर “चेक फायरिंग” म्हणालो आणि सगळं थांबलं. धनगर मेंढरं घेऊन उताराखाली जाईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. आमचे सातारकडचे उस्ताद शेजारी बसले होते. ते रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “साहेब, लांबून सगळे दगडच दिसतात. म्हणून तर दुर्बीण दिलीय.”

तुझी तोफ घरांमध्ये आहे ना, आता तिच्याकडे येऊ. वर्गात मी मुद्दाम कोल्हापूरचाच नकाशा मांडतो. फौजेत त्याला सँड मॉडेल म्हणतात. फळीवर वाळू पसरायची, निळ्या रांगोळीची पंचगंगा, हिरव्या रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचा ऊस, काड्यापेट्यांची घरं. अनोळखी देशाच्या नकाशावर पोरं बिनधास्त बॉम्ब टाकतात. स्वतःची गल्ली दिसली की हात थबकतो. आणि तो थबकावा, हाच माझा हेतू असतो.

समज, कसबा बावड्यातल्या एका बोळात शत्रूने मॉर्टर, म्हणजे छोटी उखळी तोफ, लावलाय. मॉर्टर हे लष्करी लक्ष्य आहे, त्यात वाद नाही. शेजारची घरं लक्ष्य नाहीत. एखाद्या घरातून गोळीबार होत असेल तर तेवढं घर, तेवढ्या वेळापुरतं, लक्ष्य बनतं. लक्ष्य कशाला म्हणायचं याची व्याख्या जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराच्या ५२व्या कलमात आहे: ती वस्तू शत्रूच्या लष्करी कामाला हातभार लावत असली पाहिजे, आणि ती नष्ट केल्याने त्या वेळच्या परिस्थितीत आपल्याला निश्चित लष्करी लाभ झाला पाहिजे. ‘त्या वेळच्या’ हे महत्त्वाचं. मॉर्टर काल रात्रीच हलवला असेल तर आज तो बोळ निव्वळ बोळ आहे. भारत या करारात सामील नाही, हे पुढे विचारलं जाईलच म्हणून आताच सांगतो. पण नागरिक आणि सैनिक यांत भेद करणं, प्रमाणाबाहेरचं नुकसान टाळणं आणि खबरदारी घेणं हे नियम रूढीने सर्व देशांना लागू झाले आहेत, आणि तसे ते आपल्यालाही लागू आहेत.

मॉर्टर तिथेच आहे, याची खात्री झाली. पुढचा प्रश्न प्रमाणाचा, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. त्यांनी आमची दहा मारली, आम्ही त्यांची दहा मारली, असं प्रमाण कायद्यात नाही. किती सैनिकांमागे किती नागरिक चालतील, असं कोष्टकही नाही. तुलना करायची ती दोन गोष्टींची: हल्ल्याआधी दिसणारा प्रत्यक्ष आणि ठोस लष्करी लाभ, आणि हल्ल्याआधी अपेक्षित असलेलं नागरिकांचं नुकसान. दुसरं पहिल्याच्या मानाने जास्त असेल तर हल्ला करायचा नाही. ठोस लाभ म्हणजे ‘शत्रूचं मनोधैर्य खचेल’ असं काही नव्हे. त्या मॉर्टरने आज सकाळपासून आपल्या पूल बांधणाऱ्या तुकडीला अडवून धरलंय, हा ठोस लाभाचा मुद्दा. आणि उलट बाजूही सांगतो, कारण ती टीव्हीवर कुणी सांगत नाही: नागरिक मेले एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. कमांडरला काय माहीत होतं, काय माहीत करून घेता आलं असतं आणि त्याने काय केलं, यावर ते ठरतं. बोस्नियातल्या साराजेव्होला वेढा घालणाऱ्या फौजेचा सेनापती गालिच याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. २००३ च्या त्या निकालात कसोटी सांगितली आहे: त्या जागी बसलेल्या, पुरेशी माहिती असलेल्या आणि ती नीट वापरणाऱ्या समंजस माणसाला, फार नागरिक मरतील हे दिसलं असतं का? रेंडुलिकची सवलत आणि ही कसोटी एकत्र वाचायची. माहिती कमी होती म्हणून सुटका होऊ शकते, पण दुर्बीण हातात असून लावलीच नाही म्हणून सुटका नाही.

तिसरी गोष्ट खबरदारीची, आणि माझ्या मते माणसं खरी वाचतात ती इथे. त्या बोळावर १५५ मिलिमीटरच्या तोफेने मारा करायचा म्हटलास तर मी तुला थांबवीन. एकेक गोळा चाळीस किलोंच्या वरचा, त्याच्या ठिकऱ्या शेकडो मीटर जातात, आणि आमच्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो की पहिला गोळा क्वचितच नेमका बसतो. पहिला पलीकडे, दुसरा अलीकडे, मग नेम जमतो. रेंजवर ते पलीकडे-अलीकडे म्हणजे माळरान, बावड्यात ते कुणाचं तरी माजघर. मग दुसरं काय? पायदळाची एक सेक्शन मागच्या गल्लीतून पाठव, छोटं हत्यार वापर, मॉर्टर जागा बदलायला बाहेर येईपर्यंत थांब, शक्य असेल तर लोकांना आधी इशारा दे. यातलं प्रत्येक पाऊल आपल्या जवानांचा धोका वाढवतं. किती धोका पत्करायचा यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत असं: आपल्या माणसाचा जीव वाचवणं हा कमांडरचा रास्त विचार आहे आणि कायद्याला तो मान्य आहे, पण आपला धोका शून्यावर आणायचा आणि सगळा भार त्या बोळातल्या माणसांवर ढकलायचा, हे कायद्यात बसत नाही. सैनिकाने गणवेश घातला तेव्हाच धोक्याचा एक वाटा उचलला. माजघरातल्या म्हातारीने तो उचललेला नाही.

नकाशावर पुढे शिवाजी पूल येतो. शत्रूच्या रसदीचे ट्रक त्यावरून जात असतील तर पूल लष्करी लक्ष्य होतो. पण भल्या सकाळी दूध-भाजीच्या गाड्यांची रीघ असताना पाडायचा की रात्री तीनला? लाभ तोच मिळणार असेल तर रात्रीच, इथे पर्याय उरत नाही. १२ एप्रिल १९९९ ला सर्बियात ग्रदेलित्साच्या रेल्वे पुलावर नाटोच्या विमानाने क्षेपणास्त्र सोडलं आणि नेमकी त्याच वेळी प्रवासी गाडी पुलावर आली. पहिलं सुटल्यावर काही करता आलं नसेल. पण त्याच वैमानिकाने दुसरं सोडलं आणि तेही गाडीवरच बसलं. पुढे हेगच्या अभियोक्त्यांनी नेमलेल्या समितीने चौकशीची शिफारस केली नाही, पण त्या दुसऱ्या माऱ्याबद्दल तिच्यातही मतं दुभंगली होती. मुलांना मी हाच दुसरा मारा सोडवायला देतो. पहिल्यावर सगळ्यांचं लवकर एकमत होतं.

मग सीपीआर, कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय. रुग्णालयात जखमी सैनिक असले, त्यांच्याकडून काढून घेतलेल्या रायफली कोपऱ्यात पडल्या असल्या, तरी त्याचं संरक्षण जात नाही, असं चौथ्या जिनिव्हा करारात स्पष्ट आहे. तिथून शत्रूला घातक अशी कृत्यं होत असतील तरच ते जातं, आणि तेही आधी इशारा देऊन, वाजवी मुदत देऊन, तो मानला नाही तरच. २०१५ च्या ३ ऑक्टोबरला अफगाणिस्तानात कुंदुझला अमेरिकेच्या विमानाने एका रुग्णालयावर मारा केला आणि ४२ माणसं गेली. रुग्णालयाचा नेमका ठावठिकाणा लष्कराला आधीच दिलेला होता. पण विमान घाईत निघालं, मारा करू नये अशा जागांची यादी त्याच्या यंत्रणेत भरलेली नव्हती. दिलेल्या अक्षांश-रेखांशावर मोकळी जागा दिसली, तेव्हा वर्णनावरून जवळची मोठी इमारत निवडली गेली. ते रुग्णालय निघालं. लांबून दगड दिसतो तो असा.

आणि राधानगरी. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे एकदम उघडले तर काय होतं, ते आपल्याला सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आकडे पावसाळ्यात इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात, आणि २०१९, २०२१ मध्ये घराघरांत होडी आली होती. १९४३ च्या मे महिन्यात ब्रिटिश विमानांनी जर्मनीतलं म्योने धरण फोडलं, तेव्हा पुरात एक हजाराहून जास्त माणसं बुडाली आणि त्यांतले कितीतरी जण जर्मनांनीच वेठीला धरून आणलेले परके मजूर होते. अशा अनुभवांतून पुढे १९७७ च्या करारात धरणं, बंधारे आणि अणुवीज केंद्रं यांना वेगळं संरक्षण मिळालं. तो करार न स्वीकारताही आपण काय केलं ते बघ. भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ ला एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. संबंध कितीही बिघडोत, ही यादी जाते. शत्रू नियम पाळत नाही, असं सरसकट म्हणताना हे लक्षात असू दे.

तरी समजू, शत्रू खरंच पाळत नाही. त्याने लोकांना ढाल म्हणून पुढे उभं केलंय. तो गुन्हा त्याचा आहे. पण ढाल झालेली माणसं त्यामुळे सैनिक बनत नाहीत, आणि आपली जबाबदारीही संपत नाही. प्रमाणाचा हिशेब आणि खबरदारी तशीच घ्यावी लागते. तू विचारशील, यात आपला तोटाच नाही का? कधीकधी आहे. मी तो लपवणार नाही.

गरज आपणच ओढवून घेतलेली असते, तेव्हा मात्र तिला गरज म्हणायला माझं मन धजत नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला पाठवलेलं पत्र शाळेत आपण एखाद्या वाक्यापुरतं शिकतो. पूर्ण वाचलं तर ते एका कमांडरने घातलेलं गणित आहे. आत्ताच दाणा-वैरण भसाभस संपवाल, पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरायला लागतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी गवत, कुणी भाजी, आणि लोक म्हणतील की मोगलांपेक्षा हे वाईट. आगीपासून वैरण जपा, उंदीर दिव्याची वात पळवून नेतील आणि गवत पेटेल, इथवर सांगितलंय. रयतेला वाचवण्याचं काम तिथे महिनोन् महिने आधी, कोठारात सुरू होतं. ऐन वेळी ‘दुसरा इलाजच नव्हता’ असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला मी विचारतो, इलाज होता तेव्हा तू काय करत होतास?

आता तुझा भाऊ. भारताने चारही जिनिव्हा करार १९५० साली स्वीकारले आणि १९६० मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला, म्हणजे गंभीर उल्लंघन हा आपल्याच न्यायालयात चालणारा गुन्हा आहे. आर्मी ॲक्टचं ४१वं कलम तू मुळातून वाच. वरिष्ठाचा हुकूम मोडला तर शिक्षा आहे, पण तिथला शब्द आहे ‘कायदेशीर’ हुकूम. बांधलेल्या माणसाला गोळी घाल, त्या घरातल्या बायकामुलांवर गोळ्या झाड, असा हुकूम उघडउघड बेकायदा आहे आणि तो पाळणाराही दोषी ठरतो. असे हुकूम क्वचित येतात. जवानापुढे रोज येतो तो अर्धवट माहितीचा प्रसंग: ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या जागेचे आकडे, चुकीचा ऐकू आला, खिडकीत हललं ते हत्यार की काठी कळलं नाही, वस्ती रिकामी आहे म्हणाले पण चुलीचा धूर दिसतोय. अशा वेळी जे दिसतंय ते तिथल्या तिथे वर कळवणं हे त्याचं काम आहे. “साहेब, घरात धूर आहे, माणसं असतील” हे वाक्य हुकूम मोडत नाही, कमांडरला माहिती देतं, आणि ती मिळाल्यावर तिचा विचार करणं कमांडरवर बंधनकारक होतं.

आणि त्याला एक बारीक गोष्ट आठवण करून दे, शिकवलेली असणारच. रेडिओवर ऐकू आलं नाही तर ‘रिपीट’ म्हणायचं नाही. तोफखान्यात ‘रिपीट’चा अर्थ होतो, त्याच जागेवर तेवढाच मारा पुन्हा करा. ‘से अगेन’ म्हणायचं, आणि ग्रिडचे आकडे एकेक करून परत म्हणून दाखवायचे. समोरचा चिडला तरी.